क्लच-फ्लायव्हील बदललं आणि गाडी थरथरायला लागली? या थरथरीचा हिशोब मांडणाऱ्या लँचेस्टरची गोष्ट

गाडीचं वेड असलेल्या पोरांच्या ग्रुपवर हा विषय दर काही दिवसांनी निघतोच. कुणीतरी हौसेनं आपल्या फास्ट गाडीला दणकट क्लच आणि वजनाला हलकं फ्लायव्हील बसवून घेतलेलं असतं. पहिल्या दिवशी भाऊ खुश. अॅक्सिलरेटरला नुसता पाय लावला की इंजिन सपकन वर जातं. दुसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते, तेव्हा गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते. मग पॅडलला बारीक थरथर जाणवते. तिसऱ्या दिवशी गडी मेकॅनिकशी भांडायला जातो.

मेकॅनिक म्हणतो फिटिंग बरोबर आहे, दुकानदार म्हणतो माल बरोबर आहे. गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात.

मग ही थरथर आली कुठून?

ती आधीपासून इंजिनातच होती. फक्त कंपनीनं ती गाडी चालवणाऱ्यापासून लपवून ठेवली होती. इंजिनातली थरथर नेमकी कुठून येते, कशी वाढते आणि तिला कसं गप्प करायचं, याचा पक्का हिशोब मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक इंग्रज इंजिनिअर होता. त्याचं नाव फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर.

आज रस्त्यावर धावणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये त्याच्या कल्पना फिरतायत, पण गाडीवाल्यांपैकी फार थोड्यांना त्याचं नाव माहिती असतं.

आर्किटेक्टच्या घरातलं पोरगं

लँचेस्टरचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ चा, लंडनच्या लुईशॅम भागातला. वडील हेन्री जोन्स लँचेस्टर आर्किटेक्ट, तर आई ऑक्टाव्हिया लॅटिन आणि गणिताच्या शिकवण्या घ्यायची. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथा. तो लहान असतानाच कुटुंब समुद्रकिनाऱ्यावरच्या होव्ह गावी राहायला गेलं.

या घराचा भारताशी एक पक्का धागा आहे. फ्रेडरिकचा मोठा भाऊ हेन्री व्हॉन लँचेस्टर वडिलांसारखाच आर्किटेक्ट झाला. जोधपूरचा उमेद भवन पॅलेस, जिथं आज बड्या लोकांची लग्नं लागतात, तो याच थोरल्या लँचेस्टरनं डिझाइन केलाय.

फ्रेडरिकचा जीव मात्र यंत्रात. साउदॅम्प्टनला आणि नंतर लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला त्याचं शिक्षण झालं. पण पदवी न घेताच तो बाहेर पडला.

साधारण १८८९ मध्ये त्याला बर्मिंगहॅमजवळ सॉल्टलीला फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत नोकरी लागली. पगार आठवड्याला एक पौंड. करारात एक कलम होतं, की नोकरीत असताना जी काही सुधारणा सुचेल ती कंपनीच्या मालकीची. विशीतल्या या पोरानं सही करण्याआधी ते कलम खोडून टाकलं.

आणि ते बरंच झालं. थोड्याच दिवसांत त्यानं इंजिनाचा वेग आपोआप आवरणारा एक गव्हर्नर शोधला. कंपनी ज्या ज्या इंजिनाला तो बसवेल, त्या प्रत्येकामागे त्याला दहा शिलिंग मिळायला लागले. म्हणजे दोन इंजिनं गेली की आठवड्याचा पगार वसूल.

इंजिन हलतं का, हे आधी समजून घेऊ

त्या काळातली गॅस इंजिनं कारखान्यात जमिनीला बोल्ट मारून घट्ट बसवलेली असायची. हलली तरी पाया धरून ठेवायचा. पण तेच इंजिन चार चाकांवर ठेवलं तर? गाडी, गाडीत बसलेला माणूस आणि त्याचे दात, सगळंच हलणार.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. म्हणजे शाफ्टला सलग जोर मिळत नाही, एकेक धक्का मिळतो. धक्का बसला की शाफ्ट पुढे पळतो, मग मंदावतो, मग परत धक्का. हा उतार-चढाव सपाट करण्यासाठी शाफ्टच्या टोकाला जड चाक लावतात, तेच फ्लायव्हील. आजीच्या जात्याचा जड दगड आठवा. एकदा फिरायला लागला की हात जरा सैल पडला तरी फिरतच राहतो. फ्लायव्हील तेच काम करतं.

म्हणूनच फ्लायव्हील हलकं केलं की इंजिन चटकन वर जातं आणि चटकन खाली येतं. पण धक्के गिळायची त्याची ताकदही तेवढीच कमी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे पिस्टन. तो वर-खाली पळतो. प्रत्येक वेळी टोकाला जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. त्या प्रत्येक उलट्या फेऱ्यात तो अख्ख्या इंजिनाला हिसका देतो.

लँचेस्टरनं या दोन्ही गोष्टी कागदावर मांडल्या आणि तिथूनच गाडी बनवायला घेतली.

एक पिस्टन, दोन क्रँकशाफ्ट

१८९३ मध्ये त्यानं नोकरी सोडली. जागेवर धाकटा भाऊ जॉर्ज आला. फ्रेडरिकनं आधी एक बोट बनवली आणि त्यात स्वतःचं पेट्रोल इंजिन बसवून १८९४ मध्ये ती पाण्यात उतरवली. मग वळला रस्त्याकडे.

त्या वेळी इंग्लंडमध्ये गाडी चालवणं म्हणजे डोक्याला ताप. उघड्या रस्त्यावर ताशी चार मैलांची मर्यादा आणि गाडीपुढे एक माणूस चालत राहिला पाहिजे असा कायदा. तो कायदा १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये सैल झाला. लँचेस्टरची पहिली गाडी त्याच्या आधीच, त्याच वर्षाच्या सुरुवातीला रस्त्यावर आली होती.

तेव्हा बहुतेक लोक घोडागाडी घ्यायचे, घोडा सोडायचे आणि खाली इंजिन लटकवायचे. लँचेस्टरनं घोडागाडीकडे बघितलंच नाही. चाकापासून सीटपर्यंत सगळं नव्यानं आखलं.

इंजिन एकाच सिलिंडरचं होतं, पण त्यातली युक्ती बघा. त्या एका पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड. प्रत्येक रॉडला वेगळा क्रँकशाफ्ट आणि वेगळं फ्लायव्हील. आणि ही दोन फ्लायव्हील एकमेकांच्या उलट दिशेनं फिरायची. एकानं गाडीला डावीकडे पिळायचा प्रयत्न केला की दुसरं तेवढ्याच जोरानं उजवीकडे पिळणार. दोन्ही धक्के एकमेकांतच जिरायचे.

ताकद कमी पडली म्हणून पुढे त्यानं समोरासमोर दोन सिलिंडर असलेलं इंजिन केलं. तिथंही उलट फिरणारे दोन क्रँकशाफ्ट होतेच. १८९९ मध्ये रिचमंडला झालेल्या मोटारींच्या चाचण्यांत त्याच्या गाडीनं सुवर्णपदक मिळवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रूक भागात लँचेस्टर इंजिन कंपनी उभी राहिली.

गाड्या दिसायला विचित्र होत्या. स्टिअरिंगच्या गोल चाकाऐवजी बाजूला एक दांडा. इंजिन पुढे नाही, तर दोन सीटच्या मध्ये. पण चालायला मऊ. स्प्रिंगांचा हेलकावासुद्धा त्यानं माणसाच्या चालण्याच्या तालाच्या जवळपास ठेवला होता, कारण तो ताल आपल्या अंगाला सवयीचा असतो.

आणखी एक गोष्ट. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला कानस न मारता बसला पाहिजे, हा त्याचा आग्रह. तेव्हा बहुतेक कारखान्यांत कारागीर प्रत्येक भाग घासून त्या एका गाडीपुरता बसवायचे. लँचेस्टरनं मापाचे गेज केले आणि प्रत्येक भाग त्यावर तपासायला लावला.

मुंबईत जन्मलेला गिऱ्हाईक

या गाड्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक मोठं नाव होतं. रुडयार्ड किपलिंग. जंगल बुकवाला. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला हा लेखक मोटारींचा भलताच शौकीन होता. त्यानं १९०२ च्या सुमारास लँचेस्टर घेतली. नव्या गाडीची दुखणी सोसत सोसत तो चालवत राहिला आणि पुढेही या गाड्यांचा गिऱ्हाईक राहिला. भारतातल्या काही संस्थानिकांच्या ताफ्यातही पुढे लँचेस्टर आल्या. क्रिकेटवाले जामसाहेब रणजितसिंहजी त्यातलेच एक.

१९०२ मध्ये लँचेस्टरनं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्या काळच्या खडबडीत, धुळीच्या रस्त्यांवर ती कल्पना टिकली नाही. सगळ्यांच्या गाड्यांना डिस्क ब्रेक लागायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

पण नुसत्या कल्पनांवर कंपनी चालत नाही. ऑर्डरी असूनही भांडवल अपुरं पडलं आणि १९०४ मध्ये कंपनी डबघाईला आली. नव्या नावानं ती परत उभी राहिली, पण कारभाराची सूत्रं हळूहळू फ्रेडरिकच्या हातून निसटत गेली. पुढे गाड्यांचं काम जॉर्जनं सांभाळलं.

फ्रेडरिक १९०९ मध्ये डेमलर कंपनीचा तांत्रिक सल्लागार झाला. आणि तिथंच त्याच्यापुढे ती प्रसिद्ध थरथर आली.

ओल्या कपड्यासारखा पिळणारा क्रँकशाफ्ट

डेमलरनं तेव्हा नाइट यांच्या पद्धतीचं, सरकत्या स्लीव्हचं इंजिन घेतलं होतं. नेहमीच्या व्हॉल्व्हची टकटक त्यात नव्हती. त्यामुळे ते शांत इंजिन म्हणून विकलं जायचं. पण सहा सिलिंडरचं इंजिन एका ठराविक वेगाला पोचलं की भयानक थरथरायचं. वेग आणखी वाढवला की थरथर गायब. परत खाली आलं की परत हजर.

याचं कारण लांब क्रँकशाफ्टमध्ये होतं. लोखंडाचा शाफ्ट आपल्याला ताठ वाटतो. पण सहा सिलिंडर एकामागून एक त्याला धक्के देतात तेव्हा तो ओल्या कपड्यासारखा किंचित पिळतो आणि परत सुटतो. एका टोकाला जड फ्लायव्हील, ते हलत नाही. दुसरं मोकळं टोक मात्र पुढे-मागे थरथरत राहतं.

प्रत्येक शाफ्टचा असा पिळण्या-सुटण्याचा एक स्वतःचा ताल असतो. झोक्याचं उदाहरण घ्या. झोक्याला त्याच्या तालात बारीक धक्का देत राहिलं तरी तो आभाळाला टेकतो. इंजिनातल्या स्फोटांचा ताल शाफ्टच्या तालाशी जुळला की तेच होतं. यालाच अनुनाद म्हणतात. वेळेत आवरलं नाही तर शाफ्ट तुटतोसुद्धा. सहा सिलिंडरच्या नादात त्या काळी भल्याभल्यांनी हात पोळून घेतले होते. रोल्स-रॉइसच्या हेन्री रॉइसनंही याच दुखण्याशी झुंज दिली.

लँचेस्टरचा उपाय असा. शाफ्टच्या मोकळ्या टोकाला एक छोटं फ्लायव्हील लावायचं, पण घट्ट नाही. मध्ये तेलात बुडालेल्या प्लेटांचा, क्लचसारखा सांधा ठेवायचा. शाफ्ट एका चालीनं फिरत असेल तर हे छोटं चाक मुकाट्यानं बरोबर फिरतं. शाफ्ट थरथरायला लागला की चाक आपल्या वजनामुळे त्या थरथरीत सामील होत नाही. मग दोघांच्या मध्ये घसरण होते, आणि थरथरीची ऊर्जा त्या घसरणीत उष्णता होऊन संपते.

१९१० मध्ये त्यानं याचं पेटंट घेतलं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत आजही याला लँचेस्टर डँपर म्हणतात.

म्हणजे बघा, क्लच आणि फ्लायव्हील बदलून आपण जी थरथर ओढवून घेतो, त्याच जातीची थरथर त्यानं एक जादा क्लच आणि एक जादा फ्लायव्हील लावून घालवली.

चार सिलिंडरचं दुखणं

मग त्यानं चार सिलिंडरकडे मोर्चा वळवला. या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वाटतं की हिशोब बरोबरीत सुटला. पण तसं होत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरचा अर्धा रस्ता जास्त वेगानं कापतो आणि खालचा जरा सावकाश. त्यामुळे थोडा हिसका शिल्लक राहतो, आणि तो क्रँकशाफ्टच्या एका फेरीत दोनदा येतो.

लँचेस्टरनं त्यासाठी दोन छोटे शाफ्ट सुचवले. दोघांवर एका बाजूला वजन, दोघं एकमेकांच्या उलट फिरणारे आणि क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगानं. त्यांचे आडवे धक्के आपापसांत मिटतात आणि उभे धक्के पिस्टनच्या हिसक्याला बरोबर उलट पडतात. व्हॉक्सहॉलनं १९२० च्या दशकात ही रचना आपल्या गाडीत वापरली. पुढे बरीच वर्षं ती मागे पडली. १९७० च्या दशकात मित्सुबिशीनं तीच कल्पना नव्यानं मांडून सायलेंट शाफ्ट म्हणून आणली. पोर्शला आपल्या ९४४ गाडीच्या मोठ्या चार सिलिंडर इंजिनासाठी मित्सुबिशीचं लायसन्स घ्यावं लागलं.

आज गाडीच्या माहितीपत्रकात बॅलन्सर शाफ्ट असा शब्द दिसतो. त्याचं मूळ इथं आहे.

विमानं, युद्ध आणि न ऐकलेला माणूस

गाड्या हा लँचेस्टरच्या डोक्याचा एकच कप्पा होता. विमानाचा पंख हवेत का तरंगतो, याचा सिद्धांत त्यानं राइट बंधूंच्या उड्डाणाच्या बऱ्याच आधी, १८९० च्या दशकात मांडायला घेतला होता. १८९७ मध्ये त्यावरचा त्याचा निबंध लंडनमधल्या विद्वान संस्थांनी नाकारला. १९०७ आणि १९०८ मध्ये त्यानं यावर दोन ग्रंथ काढले. पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे तयार होतात हे त्यात होतं. त्याचं महत्त्व आधी ओळखलं ते जर्मनीत, गॉटिंगनच्या शास्त्रज्ञांनी.

पहिल्या महायुद्धात त्यानं लढाईचंही गणित मांडलं. सैन्याची ताकद संख्येच्या वर्गानं वाढते, हा त्याचा नियम आजही लष्करी अभ्यासात शिकवतात.

१९१९ मध्ये, पन्नाशीत, त्यानं डोरोथिया कूपर यांच्याशी लग्न केलं. १९२२ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पुढे डेमलरशी नातं संपलं. १९२५ मध्ये काढलेली स्वतःची प्रयोगशाळा त्याला तब्येतीमुळे १९३४ मध्ये बंद करावी लागली. १९३१ मध्ये लँचेस्टर मोटर कंपनीही विकली गेली आणि डेमलरच्याच पंखाखाली गेली.

शेवटची वर्षं कठीण गेली. पार्किन्सनचा आजार जडला. दुसऱ्यांच्या यंत्रांची थरथर थांबवणाऱ्या माणसाचे स्वतःचे हात थरथरायला लागले. मग नजरही गेली. पैसा कधी साठलाच नव्हता. लोकांनी केलेल्या मदतीमुळे राहतं घर तेवढं सुटलं नाही. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममधल्या त्या घरातच तो गेला.

पुढे कॉव्हेंट्रीत त्याच्या नावानं पॉलिटेक्निक उभं राहिलं. आता त्याचं कॉव्हेंट्री विद्यापीठ झालंय, आणि तिथल्या ग्रंथालयाला लँचेस्टरचं नाव आहे.

मग आपल्या गाडीचं काय?

आता परत त्या खडखडणाऱ्या गिअरबॉक्सकडे येऊ.

आजच्या बऱ्याच गाड्यांत कंपनी दोन तुकड्यांचं फ्लायव्हील बसवते. दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. इंजिनाचे धक्के या स्प्रिंगा गिळतात, गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. ते काढून एकसंध हलकं फ्लायव्हील लावलं की वजनही गेलं आणि स्प्रिंगाही गेल्या. आता धक्के थेट गिअरबॉक्समध्ये जातात. गिअरच्या दातांमध्ये बारीक फट असतेच. ते दात एकमेकांवर आपटायला लागतात. हीच ती खडखड.

ओळखायची खूण सोपी आहे. न्यूट्रलमध्ये खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते, तर हा प्रकार बहुतेक वेळा हलक्या फ्लायव्हीलचा स्वभाव असतो. क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगा नसतील तर तो आणखी जाणवतो.

पण इंजिनाचा वेग वाढेल तशी थरथर वाढत जाते, अगदी गाडी उभी असताना क्लच दाबला तरी जात नाही, तर विषय वेगळा. तिथं फ्लायव्हील किंवा क्लचचं कव्हर बॅलन्स नसेल, किंवा नीट टेकून बसलं नसेल. त्या इंजिनासाठी नसलेलं फ्लायव्हील लागल्याचीही शक्यता असते. अशी गाडी रेटू नये, गिअरबॉक्स उतरवून बघावाच लागतो.

आणि फक्त गाडी उचलताना, क्लच सोडतानाच हादरे बसत असतील तर प्लेटवर तेल-ग्रीस लागलंय का, पृष्ठभाग सपाट आहे का, हे आधी बघायचं. नवी प्लेट असेल तर तिला काही दिवस सावकाश रुळू द्यावं लागतं.

तिन्ही ठिकाणी प्रश्न तोच, जो लँचेस्टर विचारायचा. धक्का कुठून आला, त्याचा ताल काय आणि तो जिरणार कुठं? इंजिन, फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्स ही त्याच्या हिशोबात चार वेगळी खाती नव्हती. एका ठिकाणचं वजन काढलं की त्याचा बोजा दुसरीकडे कुठंतरी पडणारच.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी फ्लायव्हील हलकं करायला निघालं, तर गडी किती किलो वाचले हे सांगेलच. त्याला एवढंच विचारा, की ते किलो आधी कोणतं काम करत होते.